हरेश्वरच्या पट्टीचं माप

निकेशच्या दुकानावर 'कॉम्प्युटर दुरुस्ती' अशी पाटी होती, पण गेल्या चार-पाच वर्षांत त्यानं कॉम्प्युटर कमी उघडले होते आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सच जास्त काढल्या होत्या. अलिबागच्या एसटी स्टँडमागच्या बोळात त्याचं ते दहा बाय बाराचं दुकान. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं. कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाच्या प्रिंटरमध्ये कागद अडकलाय, कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही. वरसोलीच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांचे अंगठे मासे कापून कापून इतके गुळगुळीत झाले होते, की ही बाई जिवंत आहे यावर सरकारच्या मशीनचा विश्वासच बसत नसे. मग निकेश त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसायचा, फुंकर मारायचा, पुन्हा टेकवायचा. असं दिवसातून वीस वेळा.

वय चव्वेचाळीस. कामानं माणूस इतका थकत नाही, जितका त्याच त्या कामानं थकतो. निकेश तसा थकला होता. घरी आई नीराबाई, शेजारच्या घरात थोरला भाऊ हरेश्वर. लग्नाचं एकदा जमलं होतं, ते मोडलं, मग कुणी विषय काढला नाही आणि यानंही काढला नाही. सगळ्या दिवसात त्याला आपलं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे मोबाइलमधला एक ग्रुप. नाव चिपकट्टा.

कट्ट्यावर बाराशे माणसं होती. बोलणारी तीसेक, बाकीची नुसती वाचणारी. पुण्याचे इंजिनिअर, नाशिकचा एक दातांचा डॉक्टर, पनवेलच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कल्पिता मॅडम, ज्या ग्रुप सांभाळायच्या, आणि उरणचा जीवन, ज्याचे चार ट्रेलर बंदरावर चालायचे आणि तो स्वतः ऑफिसात बसून दिवसभर प्रोसेसरवर वाद घालायचा. या सगळ्यांना एकच नाद. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. नवा मेंदू बाजारात यायच्या आधी त्याचा एखादा चोरटा फोटो कुठून तरी बाहेर निसटतो. त्या फोटोवरून आत काय दडलंय ते ओळखायचं. चिपच्या तुकड्यात काम करणारे जे कप्पे असतात त्यांना म्हणतात कोर. तुकडा केवढा आहे ते कळलं की आत कोर किती बसले असतील ते सांगता येतं. डबा बघून आत भाकरी किती हे सांगण्यातलाच प्रकार. यातून कुणालाही दमडी मिळत नव्हती. मिळायचा तो मान.

आणि तो मान निकेशनं एके काळी भरपूर खाल्ला होता. कट्ट्यावर त्याचं नाव होतं 'तांडेल', म्हणजे होडीचा म्होरक्या. हे नाव त्यानं घेतलेलं नव्हतं, त्याला दिलं गेलं होतं. कट्ट्याची रीतच होती तशी. ज्याचा अंदाज तंतोतंत येईल त्याला बाकीच्यांनी मानाचं नाव द्यायचं आणि ज्यानं नाव पणाला लावून चूक केली, त्याला पुढची चिप येईपर्यंत लोक देतील ते नाव मिरवायचं. नाशिकचा तो दातांचा डॉक्टर तेरा महिने 'अक्कलदाढ' म्हणून वावरला होता.

निकेशची नजर लहानपणीच तयार झाली होती. बंदरावर लिलाव चालायचा तेव्हा तो नीराबाईच्या पदराला धरून उभा असायचा. माशांनी भरलेल्या पाटीकडे ती नुसतं बघायची आणि वरची चार मोठी पापलेटं काढली की खाली काय निघेल ते हात न लावता सांगायची. तीच नजर पोरानं चिपवर लावली. सहा वर्षांपूर्वी एका धुरकट फोटोवरून त्यानं तुकड्याचं माप सांगितलं, ते एका मिलिमीटरनंही चुकलं नाही. तेव्हापासून तो तांडेल.

पण गेल्या दोन वर्षांत दोनदा अंदाज चुकला. नवी पोरं आली, ती सॉफ्टवेअर लावून मोजू लागली. कुणीतरी गमतीत लिहिलं, "तांडेलांची होडी आता किनाऱ्यालाच बरी." हसण्याच्या चिन्हांची रांग लागली, निकेशनंही एक टाकलं. चार दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. ही गोष्ट त्यानं एकाच माणसाला सांगितली, पुतणीला.

सुचिता हरेश्वरची एकुलती एक मुलगी. तिनं पहिला स्क्रू याच दुकानात सोडवला. पुढे लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं आणि बंगळुरूला एका परदेशी कंपनीत चिपा तपासायच्या कामावर लागली. वरसोलीच्या कोळीवाड्यातून इतक्या लांब नोकरीला गेलेली ती पहिलीच मुलगी. दोन वर्षांपूर्वी हरेश्वरच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, होडी झावळ्यांनी शाकारून ठेवली ती कायमची, आणि तेव्हापासून ते घर सुचिताच्या पगारावर उभं होतं. नोकरी लागली त्या दिवशी कंपनीच्या नियमाप्रमाणे ती चिपकट्टा सोडून गेली. निकेशनंच तिला बजावलं होतं, तुझ्या कामातलं मला एक अक्षर सांगायचं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

नोव्हेंबरातला बुधवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि दुकानात कुणी नव्हतं. कट्ट्यावर 'पाहुणा' नावाच्या एका नव्या माणसानं एक फोटो टाकला आणि खाली एकच ओळ लिहिली, 'ऑर्किड, झाकण काढून.' ऑर्किड हे येऊ घातलेल्या चिपचं टोपणनाव. सहा महिने सगळे तिची वाट बघत होते.

पाच मिनिटांत कट्ट्यावर बाजार भरला. फोटो स्वच्छ होता. हिरव्या पाटीवर तीन काळेभोर चकचकीत तुकडे, दोन लहान, एक मोठा. पण चिपच्या चारी कडा फोटोच्या बाहेर गेलेल्या, त्यामुळे माप घ्यायला आधारच नाही. आधार एकच. तुकड्यांना अगदी खेटून एक फिकट पिवळी लाकडी पट्टी ठेवलेली होती, तिचं एक टोक तेवढं दिसत होतं. ती पट्टी किती रुंद आहे हे कळलं की सगळं कळलं.

मग पट्टीवरच खल सुरू झाला. दातांचे डॉक्टर म्हणाले, ही जीभ दाबायची काडी, अठरा मिलिमीटर. म्हणजे तुकडा अगदीच लहान, आठ कोर, जुनीच चिप नव्या नावानं. पुण्याच्या एकानं ती शाळेतली मोजपट्टी ठरवली, तीस मिलिमीटर, म्हणजे सोळा कोर. आठवाले आणि सोळावाले असे दोन तट पडले. कुणी आइस्क्रीमची काडी म्हणालं, कुणी जपानी चॉपस्टिक. जीवन मात्र बराच वेळ गप्प होता. आणि सगळ्यांच्या मध्ये अधूनमधून एक हाक येत होती, तांडेल कुठं आहेत?

तांडेल फोटो मोठा करून चिपच बघत बसले होते. काळ्या तुकड्यावर ट्यूबलाइटची रेघ कशी मोडलीय, कडेला डिंक किती पसरलाय. पट्टीकडे नजर गेली की मनात काहीतरी टोचायचं, पण काय ते कळत नव्हतं. तेवढ्यात नीराबाई मासळीबाजारातून रिकामी पाटी घेऊन आली. रोज घरी जाताना ती दुकानात पाणी प्यायला टेकायची. पाणी पिता पिता तिनं मोठ्या स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहिलं.

"ही आपल्या हरेश्वरची पट्टी न्हाय का?" ती म्हणाली. "कॉम्प्युटरात कशी गेली?"

बाराशे माणसं दोन तास डोकं खाजवत होती ती गोष्ट चौथी शिकलेल्या बाईनं पेला खाली ठेवायच्या आत ओळखली. निकेशनं टेबलाचा खण उघडला. खणात तशीच पट्टी पडलेली होती. जाळं विणताना प्रत्येक घर सारखं यावं म्हणून दोरा जिच्याभोवती घेऊन गाठ मारतात ती बांबूची पट्टी. हल्ली जाळी तयार मिळतात, पट्टी लागते ती फाटलेलं सांधायला. हरेश्वरनं आजारी पडायच्या आधी एकाच बांबूतून दोन काढल्या होत्या, बांगड्याच्या जाळ्याच्या मापाच्या. एक निकेशला दिली आणि एक सुचिताला. दोघंही तिचा उपयोग करायची लॅपटॉपचं झाकण उचकटायला. बांबूचा ओरखडा उठत नाही. जी वस्तू दिवसातून चारदा हातात येते ती निकेशनं ओळखली नाही, कारण त्याचं सगळं ध्यान चिपवर होतं. आईला चिप दिसलीच नव्हती.

पट्टीच्या टोकाला तीन तिरक्या खाचा होत्या. फोटोतही होत्या. ती त्यांच्या घराची खूण. समुद्रात तरंगणारा कुठला बोया कुणाच्या जाळ्याचा ते कळावं म्हणून कोळीवाड्यात प्रत्येक घराची अशी खूण असते आणि ती बोयांवर, वल्ह्यांवर, होडीच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर, सगळीकडे काढलेली असते. आईला घरी पाठवून निकेश खुर्चीत बसला. झालं काय ते त्याला स्पष्ट दिसत होतं. पोरीनं कुणा मित्राला दाखवायला फोटो काढला असणार, हत्यार शेजारी पडलं होतं ते तसंच आलं, आणि त्या मित्रानं फोटो बाहेर टाकला. तिच्या लॅबमध्ये मोबाइल न्यायलासुद्धा बंदी होती.

तरीही त्यानं आधी केलं ते भलतंच. त्यानं बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेतला आणि खणातली पट्टी मोजली. सव्वीस पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. फोटोतल्या पट्टीशी चिपचा तुकडा ताडून पाहिला. साडेअकरा बाय सात. आठ नव्हे, सोळा नव्हे, बारा कोर. त्यानं ते एका चिठ्ठीवर लिहिलं, सवयीनं वर तारीख घातली, आणि क्षणभर त्याला इतका आनंद झाला की पाठ दुखायची थांबली. सगळ्या कट्ट्यावर, कदाचित सगळ्या जगात, हे माप त्या कंपनीबाहेर फक्त त्याला माहीत होतं. 'तांडेल आले' एवढंच लिहायचं आणि खाली तीन आकडे. त्यानं लिहिलंही. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं.

बोट तिथंच थांबलं. लोक पहिला प्रश्न हाच विचारणार, तांडेल, पट्टीचं माप तुम्हाला कसं कळलं?

गेल्या साली असाच एक फोटो आला होता. चिपखाली निळी चटई होती आणि चटईवर सोल्डरचा एक डाग. कुणाचा फोटो हे शोधायची चढाओढ लागली आणि तसाच डाग असलेली चटई दोन वर्षं जुन्या एका फोटोत निकेशनंच शोधून काढली. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. दहाव्या दिवशी बातमी आली, हैदराबादच्या त्या माणसाला कंपनीनं काढून टाकलं. त्याला लहान मूल होतं म्हणे. कट्ट्यावर दोन दिवस सगळे हळहळले, मग दुसरी चिप आली. निकेशनं त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव तो विसरू शकला नव्हता.

सुचिताला शोधायला तर चटईचा डागही लागला नसता. पट्टी कोळ्यांची आहे एवढं कळलं की बस. तिनं दर शिमग्याला नेटवर होडीचे फोटो टाकलेले होते, नाळेवर तीन तिरक्या रेघा ठसठशीत रंगवलेल्या, खाली तिचं नाव आणि कंपनीचंही.

त्यानं तिला फोन लावला. बंद. सहापर्यंत मोबाइल कुलपातच राहणार होता. आणि मोबाइल ठेवला तोच जीवनचा निरोप आला, ग्रुपवर नाही, एकट्या त्याला. "तांडेल, ही पट्टी मी आमच्या आजोबांकडं बघितल्यासारखी वाटते. खाडीवर जायचे तेव्हाची. नीट आठवत न्हाय. संध्याकाळी आईला दाखवतो, ती सांगेल."

जीवनची आई म्हणजे दुसरी नीराबाई. तिला दाखवायचीच खोटी होती.

निकेशनं लिहिलेले तीन आकडे पुसले. मग त्यानं लिहायला घेतलं आणि इतकं सफाईदार खोटं आयुष्यात कधी लिहिलं नसेल तसं लिहिलं. फोटो बनावट आहे. पट्टीची सावली डावीकडे पडते, तुकड्यावरची चमक उजवीकडे, म्हणजे दोन वेगळे फोटो जोडलेत. तुकड्यांच्या कडा नको तितक्या सरळ आहेत. पट्टी मुद्दाम घातलीय, लोकांनी तिच्याच मागे लागावं म्हणून, आणि आपण सगळे लागलो. दोन वर्षांपूर्वी एक खोटा फोटो त्यानंच पकडला होता, त्याचीही आठवण करून दिली.

पुण्याचा सोळावाला खवळला. सावल्यांचं म्हणणं त्याला पटेना. "एवढी खात्री असेल तर नाव पणाला लावा," त्यानं लिहिलं.

निकेशनं लिहिलं, "लावलं."

त्या एका शब्दानं काम केलं. तांडेल चुकला असेल, पण नाव लावून तो कधी बोलला नव्हता. आठवाले आधी गप्प झाले, मग सोळावाले. खोटा फोटो आपल्या कट्ट्यावरून बाहेर गेला तर आपलंच हसं होईल असं डॉक्टर म्हणाले आणि चारच्या सुमाराला कल्पिता मॅडमनी फोटो काढून टाकला. पाहुणा संध्याकाळी ग्रुप सोडून गेला. एका परदेशी साइटवर फोटो तासभर दिसला, मग 'बनावट असल्याचं समजतं' असा शेरा मारून त्यांनीही उतरवला. जीवननं लिहिलं, "मग आईला कशाला त्रास देऊ."

साडेसहाला सुचिताचा फोन आला. निकेशनं दुपारभर ठरवून ठेवलं होतं की तिला काही विचारायचं नाही. तिला जे माहीत नसेल ते तिच्या तोंडून निघणार नाही. उद्या कुणी चौकशी केलीच तर तिचा चेहरा कोरा असलेला बरा.

तिनं बाबांची तब्येत विचारली, आजीचं विचारलं, मग सहज विचारावं तसं विचारलं, "कट्ट्यावर काय चाललंय, काका?"

"काय न्हाय. कुणीतरी खोटा फोटो टाकलेला. काढून टाकला."

सुचितानं आवाज खाली आणला.

"तू बघितलास?"

"बघितला ना. खोटा व्हता."

"हां," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. बिचारी घाबरली, निकेशला वाटलं. घाबरली ते बरंच झालं, पुन्हा करणार नाही. त्यानं चिठ्ठी पट्टीला गुंडाळली, वर रबर लावलं आणि खणाच्या अगदी मागे सारली. लॅपटॉप उघडायला त्या दिवसापासून तो जुनं एटीएम कार्ड वापरू लागला.

फेब्रुवारीत ऑर्किड बाजारात आली. बारा कोर. कंपनीनं स्वतःच मापं जाहीर केली, साडेअकरा बाय सात. ज्यांनी नोव्हेंबरातला फोटो जपून ठेवला होता त्यांनी तो काढला, शेजारी खरी चिप ठेवली, आणि कट्ट्यावर शिमगा महिनाभर आधीच आला. फोटो खरा होता. तांडेलांनी खरा फोटो खोटा ठरवला होता, तोही नाव पणाला लावून. पट्टीचं कुणाला काही राहिलं नव्हतं, आता सगळी मजा तांडेलांची होती. मतदान झालं. त्याचं नवं नाव ठरलं 'सुका बोंबील'. मोबाइल उघडला की स्वतःच्या प्रत्येक ओळीवर ते नाव दिसायचं. डॉक्टरांनी मायेनं लिहिलं की अक्कलदाढेपेक्षा हे बरं, निदान खाता तरी येतं. जीवननं विचारलं, "तू कसा काय चुकलास रे?" निकेश म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय. खरंच वाईट वाटलं त्याला, अगदी मनापासून. सत्य खणात पडलेलं होतं आणि ते दाखवायची सोय नव्हती. हळूहळू त्यानं कट्ट्यावर लिहिणं सोडलं. दिवस तसे आधीही लांबच होते, आता आणखी लांबले.

शिमग्याला सुचिता आली. विमानानं मुंबई, तिथून बोटीनं मांडवा, आणि मांडव्याच्या धक्क्यावर निकेश स्कूटर घेऊन उभा. नेहमी ती धक्क्यावरून वरसोलीपर्यंत एकसारखी बडबडायची. या वेळी मागे बसून गप्प. यानं दोन प्रश्न विचारले, तिनं दोन शब्दांत उत्तरं दिली. घरी पोचल्यावर बापाच्या निकामी हातात हात घालून ती बराच वेळ ओट्यावर बसली. काकाशी बोलली नाही. कोळीवाड्यात होड्यांना पताका लागल्या होत्या, पोरं ढोल तापवत होती, आणि निकेशला वाटलं आपल्याला आताच झोप लागली तर बरं होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. समोरच्या स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या तिनं विचारलं.

"काका, तुला बाबांची पट्टी वळखता आली न्हाय?"

निकेशनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी ठेवलेली ती," सुचिता म्हणाली. "पाहुणा मीच व्हते. मोबाइल चोरून आत नेला, फोटो काढला आणि जेवणाच्या सुट्टीत टाकला. दोन वर्सं तुला सगळी हसतात, ते तूच मला सांगितलंस. मला वाटलं, फोटोत पट्टी ठेवली तर माप फक्त तुलाच घेता येईल, दुसऱ्या कुणाला न्हाय. तीन खाचा मुद्दाम वर केल्या. आणि तू म्हणालास खोटा." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "चिपचं राहू दे. बाबांचा हात आता परत काय करणार न्हाय. त्या हाताची वस्तू तुला परकी वाटली, त्याचं मला लय वाईट वाटलं. चार महिने मी कुणाला बोलले न्हाय."

बाराशे माणसांनी सुका बोंबील म्हटलं तेव्हा निकेशनं सोसलं होतं. हे सोसण्यातलं नव्हतं. आधी त्याला राग आला, असा की कानशिलं तापली. येडी की काय ही पोर. त्याच्या त्या फुकटच्या मानासाठी हिनं बापाचं औषध, आजीचा म्हातारपणचा आधार, सगळं एका फोटोत उघड्यावर मांडलं होतं. पण रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. मोडलेल्या लग्नानंतर आजवर कुणी त्याच्यासाठी काही पणाला लावलं नव्हतं.

त्यानं खण पूर्ण बाहेर ओढला, मागे हात घातला आणि रबर लावलेली पट्टी काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

सुचितानं रबर काढलं, चिठ्ठी उलगडली. वर नोव्हेंबरातल्या त्या बुधवारची तारीख. खाली तीन ओळी. पट्टी २६.२. तुकडा ११.५ बाय ७. कोर १२. तिनं तारीख पुन्हा वाचली. मग काकाकडे पाहिलं, मग पुन्हा चिठ्ठीकडे.

"आजीनं बघितल्या बघितल्या वळखली," निकेश म्हणाला. "म्हणून तर खोटा म्हणालो. पट्टी कुणाची ते कळलं असतं तर नोकरी जाऊन तू घरी आली असतीस."

सुचितानं ओढणीनं डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. बाहेर बोळातून ढोल वाजत गेला आणि लांब झाला. निकेशला वाटलं आता ही विचारेल, कट्ट्यावर सांगू का सगळ्यांना, आणि त्याचं नाही म्हणायचं ठरलेलं होतं. पण तिनं तसलं काही विचारलं नाही. पर्समधून स्वतःची पट्टी काढली, टेबलावरच्या पट्टीला जोडून ठेवली. खाचेला खाच लागली. चिठ्ठीची घडी घालून तिनं ती दोन्हींच्या मध्ये सरकवली, वर रबर चढवलं आणि खणात मागे, जिथून आली तिथं ठेवून दिली.

"बरोबर आलं व्हतं, काका," ती म्हणाली. "अगदी बरोबर."

एवढंच कुणीतरी म्हणावं म्हणून आपण थांबलो होतो हे निकेशला ते ऐकल्यावर कळलं. त्यानं मान हलवली. म्हणाला, पुन्हा असलं काही केलंस तर तंगडी मोडीन. तिनं हो म्हटलं.

दारात कोळीवाड्यातली म्हातारी येसूबाई येऊन उभी होती, हयातीच्या दाखल्याचा कागद हातात घेऊन. तिचा अंगठा उमटत नव्हता. निकेशनं फडकं ओलं केलं, पण सुचिता आधीच उठली होती. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं, म्हातारीला स्टुलावर बसवलं आणि तिचा अंगठा पुसायला लागली.